सरांची पहिली भेट : तुमच्या आठवणी लिहा

आमचे हॉकीचे सर गेले. बातमी कळल्यावर जुन्या पोरापोरींचे एकमेकांना फोन सुरू झाले आणि जो तो एकच सांगत होता, ‘माझ्यावर सरांचं विशेष लक्ष होतं.’ आता सगळ्यांवरच विशेष लक्ष म्हणजे काय? म्हणून म्हटलं, प्रत्येकाने लहानपणी सर पहिल्यांदा भेटले तो प्रसंग लिहावा. शोकसभेची भाषा नको. सरांना भाषणं ऐकताना डुलकी लागायची. नावंही नकोत, आपण एकमेकांना ओळखूच.

सुरुवात मी करतो. मी डावखुरा. नऊ वर्षांचा होतो, मोठ्या पोरांत जाऊन स्टिक उलटी धरून उभा राहिलो आणि एकच हशा पिकला. डावखुऱ्यांसाठी हॉकीत वेगळी स्टिक नसते, हे मला कुठून ठाऊक असणार? सपाट बाजू सगळ्यांच्या स्टिकला डावीकडेच, चेंडू तिनेच खेळायचा, मागची गोलसर बाजू लागली की फाउल. एका पोराने हे सगळं मला मोठ्या प्रेमाने समजावून वर ‘तू क्रिकेट खेळ’ असंही सांगितलं. डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

सर आले आणि माझ्यासमोर उकिडवे बसले. माझा डावा हात त्यांनी स्टिकच्या वरच्या टोकाला ठेवला आणि उजवा उचलून माझ्या पाठीमागे नेला. ‘आता कुलपात किल्ली फिरवतोस तसं मनगट फिरव.’ फिरवलं. स्टिकचं तोंड चेंडूवरून पलीकडे वळलं, परत अलीकडे आलं. चेंडू इकडून तिकडे, तिकडून इकडे. ‘बघ, हॉकीत कारभार डाव्या हाताचा, उजवा नुसता सोबतीला. ही पोरं डावा हात तयार करायला वर्ष घालवतात, तू तयार घेऊनच आलास.’ मग हसलेल्या सगळ्यांना एकट्या डाव्या हाताने ड्रिबल करायला लावलं. चेंडू असे सैरावैरा पळाले की मी पोट धरून हसलो.

सर अर्धंच खरं बोलले होते, हे पुढे कळलं. चेंडू जोरात हाणायचा तर उजव्यातही दम लागतो. माझा हिट शेवटपर्यंत मरतुकडाच राहिला. पण मी टिकलो तो त्या अर्ध्या खऱ्यावर.

*

माझी भेट दोन मिनिटांची. सरांच्या खिशात एक लोखंडी कडं असायचं, आतून 51 मिलिमीटर. नियमाप्रमाणे स्टिक त्यातून आरपार जायला हवी. मी ऐटीत स्टिकला पट्ट्यांवर पट्ट्या गुंडाळल्या होत्या. सरांनी कडं वर सरकवलं, ते मधेच अडकलं. ते काहीच बोलले नाहीत. माझ्या हातात ब्लेड दिलं आणि शेजारी बसून राहिले. मी एकेक पट्टी सोलत होतो आणि ते प्रत्येक पट्टी उचलून तिचा चिकटपणा तपासून पुन्हा वापरायला ठेवत होते. एक पट्टीही फेकली नाही त्या माणसाने!

*

गोलकीपर लिहितेय. चेंडू आला की माझे डोळे मिटायचे. हॉकीचा चेंडू 156 ते 163 ग्रॅमचा आणि दगडासारखा टणक, मिटणारच. पॅड, किकर्स, छातीचं कवच सगळं चढवलं तरी डोळे काही ऐकेनात. ‘घाबरू नको’ असं सांगून झालेले लोक पुष्कळ होते. सर जाळीच्या मागे येऊन उभे राहिले. काही चेंडूंवर त्यांनी लाल रंगाचा पट्टा ओढला होता. चेंडू हळू सोडायचे आणि पाय लावायच्या आत मी ‘लाल’ किंवा ‘साधा’ असं ओरडायचं. अडवता आला नाही तरी चालेल, रंग चुकला तर नाही. दोन आठवडे मागून त्यांचं ‘कुठला?’ चालू होतं. वेग कधी वाढला, मला कळलंच नाही. एक दिवस मांडीवर टोला बसला, भयंकर लागलं, आणि कळवळत मी ओरडले, ‘लाल!’ सर जाळी धरून हसत होते.

*

सगळे गोडच लिहिताहेत, मी जरा कडू लिहितो. माझा सरांवरचा राग पुरता गेलेला नाही. तेराव्या वर्षी मी लेफ्ट इन, म्हणजे पुढच्या फळीत मधल्याच्या डावीकडे खेळायचो, माझ्या मते संघात सगळ्यांत वेगवान. स्पर्धेच्या आधी यादी लागली, माझं नाव नव्हतं. विचारायला गेलो तर म्हणाले, ‘तू पळतोस झकास, पण चेंडू तुझ्याजवळ राहत नाही.’ हे त्यांना कोणी सांगितलं? ते तर सरावात कायम गोलकीपरपाशी उभे! महिनाभर मी मैदानाकडे फिरकलो नाही. परत आलो तेव्हा कुठे होतास असं विचारलं नाही, फक्त चेंडू माझ्याकडे सोडला. त्या वेळी मला ते अपमानास्पद वाटलं होतं. आज काय वाटतं, ते नीट सांगता येत नाही.

*

मला पहिली भेट आठवत नाही, फार लहान होते. टर्फ मात्र आठवतंय. 1976च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी कृत्रिम गवतावर गेली, त्यानंतर कितीतरी वर्षांनी आम्ही ते गवत पहिल्यांदा पाहिलं. सरांनीही तेव्हाच. पाणी मारलेलं हिरवंगार मैदान. सरांनी चपला काढल्या, आत गेले आणि एक चेंडू सोडून दिला. तो एकदाही न उसळता सरळ रेषेत गेला. सर तो पार थांबेपर्यंत बघत राहिले. मग पुटपुटले, ‘आणि मी पोरांना खड्यांवरून ओरडत बसलो.’

*

मी कधी खेळलेच नाही. भावाला सोडायला यायचे आणि रेषेबाहेर बसून कंटाळायचे. सरांनी एक दिवस वही दिली. ‘प्रत्येकाकडे चेंडू आला की बघायचं. स्टिकला चिकटला तर उभी रेघ, सुटला तर आडवी. खड्यावरून उडाला तर गोल काढायचा, तो धरायचा नाही.’ मी दहा वर्षांची होते. मोठ्या माणसाने कामाचं काही सांगितलं ते तेव्हाच पहिल्यांदा. दर शनिवारी ते वही घेऊन पानन् पान वाचायचे. एकदा एका मुलाच्या पानावर बराच वेळ थांबले. मला विचारलं, ‘नक्की?’ मी म्हटलं, नक्की. तो मुलगा लेफ्ट इन खेळायचा. वर कडू लिहिणारे तुम्हीच ना?

*

म्हणजे ती वही तू लिहायचीस!

*

हो. अजून आहे माझ्याकडे. तुमचं पान काढलंय. 32पैकी 19.

*

शक्य नाही. 21 तरी असतील. दोनदा खडा आला होता, मला आजही आठवतंय.

*

खड्याचे गोल वेगळे आहेत. तीन. ते सोडूनच 32.