चारच्या प्रभागात थोड्या लोकांच्या मताचं काय होते?

इंदोरा_चौक
जानेवारी २०२६ मध्ये नागपूर महापालिकेचं मतदान झालं, जवळपास चार वर्षांचं प्रशासकराज संपलं. चांगलं झालं. पण चार सदस्यांचा प्रभाग तसाच राहिला, त्यावर कोणी बोलूनच नाही राहिलं.

नागपुरात १५१ जागा, ३८ प्रभाग. ३७ चारचे, एक तीनचा. लोकसंख्या अजून २०११ च्या जनगणनेचीच धरतात, त्या हिशोबानं एका प्रभागात साठ-पासष्ट हजार माणसं. आपण अ, ब, क, ड अशी चार मतं देतो, आणि प्रत्येक जागेसाठी अख्खा प्रभाग मत देते. आता समजा तीस हजार लोकांनी मतदान केलं, त्यात एका समाजाचे नऊ हजार. ते सगळे एकदिलानं एकाच्या मागे उभे राहिले तरी बाकीचे दुसरीकडे एकवटले की अ मध्ये हरतील, ब मध्ये हरतील, क आणि ड मध्येही हरतील. तीस टक्के मतं आणि हाती भोपळा. हेच लोक एका वस्तीत राहतात आणि वॉर्ड एकचा आहे, तर त्यांचा एक नगरसेवक पक्का. मुंबईत २२७ वॉर्ड, एकाला एक नगरसेवक. मग नागपूरले काऊन नाही?

आणि अल्पसंख्य म्हणजे फक्त मुसलमान असं समजू नका. जरीपटक्याबाहेर गेला की सिंधी अल्पसंख्य आहे. गोंड राजानं हे शहर वसवलं, तो गोंड आज कोणत्या प्रभागात बहुसंख्य आहे ते सांगा.

महालकर
आलं परत जातीधर्मावर. भाऊ, संविधान सभेनं १९४९ मध्ये धर्मावर आधारित राखीव जागा पूर्ण चर्चा करून काढून टाकल्या. महापालिकेसाठी २४३ट अनुच्छेदात अनुसूचित जाती, जमाती, महिला, मागासवर्ग एवढेच. त्यातही नागपूर आणि चंद्रपूर या दोनच महापालिकांत आरक्षण ५० टक्क्यांच्या वर गेलं म्हणून प्रकरण सुप्रीम कोर्टात आहे. आणखी किती वाटे करायचे शहराचे?

बाकी तुमचा हिशोब कागदावरच खरा. २०१७ ला याच चारच्या प्रभागात बसपाचे १० आले होते. २०२६ ला एमआयएम आणि मुस्लिम लीगचे पण सभागृहात बसले. कोणाचं मत वाया गेलं?

इंदोरा_चौक
मी राखीव जागा मागितल्याच नाहीत, वरती परत वाचा. आणि तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. जिथे वस्ती दाट तिथे अख्खं पॅनल निवडून येते, जिथे वीस-तीस टक्के तिथे शून्य. मधलं काहीच नाही. म्हणून सगळे पक्षही तसंच तिकीट वाटतात, मुस्लिमबहुल मोमीनपुऱ्यात एका रंगाचं, बाकी शहरात दुसऱ्या रंगाचं. जातीधर्मावर तर ही पद्धतच नेते.

सदरची_ताई
इंदोराभाऊ, निदान पटते, औषध नाही पटत. एकचा वॉर्ड म्हणजे पंधरा-सोळा हजार वस्ती. एवढ्या लहान नकाशात रेघ दोन गल्ल्या सरकवली की मोहल्ला दोन वॉर्डांत फाटतो, आणि हरकत घेऊन सुनावणीत काय पदरात पडते ते सगळ्यांना माहीत आहे. आमचे सदर-मोहननगरचे ख्रिश्चन तर एकच्या वॉर्डातही बहुसंख्य नाही होत कुठे. त्यांना काय मिळालं?

दुसरं, बायांचं. चारच्या प्रभागात साधारण दोन बाया दरवेळी असतातच. एकच्या वॉर्डात आरक्षण फिरते. पाच वर्षं तिनं नाल्या साफ करून घ्यायच्या, पुढच्या सोडतीत वॉर्ड खुला निघाला की तिकीट नवऱ्याला.

गोळीबार_चौक
तुमच्या गप्पा मोठ्या आहेत. पहिले यादीत नाव तं सापडू द्या! विधानसभेची १ जुलै २०२५ ची यादी घेतली आणि तीच फोडून प्रभागांच्या याद्या केल्या. महापालिकेच्या यादीसाठी वेगळी नोंदणी नसते, विधानसभेच्या यादीत नसाल तं इथेही नाही. एकाच घरचे तिघं या प्रभागात, दोघं त्या प्रभागात. बहुसंख्येच्या वस्तीत शंभर नावं इकडची तिकडे गेली तं फरक नाही पडत. लहान वस्तीचं गणितच तेवढ्यावर असते. प्रारूप यादी लागते तेव्हा हरकतीचे दिवस हातावर मोजण्याइतके, अन् त्या दिवसांत सगळे पुढारी तिकिटामागे.

सिव्हिल_लाइन्सचा_वकील
गोळीबारवाल्यांचा मुद्दा रास्त आहे, पण तो वेगळा. मूळ प्रश्नावर बोलतो.

इथे दोनच पर्याय धरून भांडण चाललं आहे. तिसरा आपल्याकडेच वापरून झालेला आहे. १९३७ ला मुंबई प्रांतात बहुसदस्य मतदारसंघ होते आणि मतदाराला आपली सगळी मतं एकाच उमेदवाराला देता येत होती. बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाला त्याचा चांगला फायदा झाला. स्वातंत्र्यानंतर दोन सदस्यांचे मतदारसंघ राहिले, पण दोन्ही मतं एकाला देण्याची मुभा गेली. १९५४ ची भंडाऱ्याची लोकसभा पोटनिवडणूक अशाच मतदारसंघात झाली. बाबासाहेब हरले, राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर आले. राखीव जागेवर कोण बसणार, ते तिथल्या दलितांनी एकट्यानं ठरवलं नव्हतं. १९६१ ला ते मतदारसंघच रद्द झाले.

चारच्या प्रभागात सगळी मतं एकाला देण्याची मुभा दिली तर वीस टक्क्यांहून थोडे जास्त असणाऱ्या कोणत्याही गटाला एक जागा हमखास मिळते. मग तो गट धर्माचा असो, झोपडपट्टीचा असो नाहीतर भाडेकरूंचा. सीमा आखणाऱ्याला कोणाची जात विचारावी लागत नाही.

महालकर
वकीलसाहेब, पण आज अ जागा अनुसूचित जातीची, ब ओबीसी महिलेची. जागागणिक वेगळी निवडणूक आहे. सगळी मतं एकालाच दिली तर आरक्षण कुठे बसवाल?

सिव्हिल_लाइन्सचा_वकील
तेव्हा बसवलं तसंच. राखीव प्रवर्गातला सर्वांत जास्त मतं मिळवणारा आधी निवडून आलेला धरायचा, मग उरलेल्या जागा मतांच्या क्रमानं. चार वेगळ्या लढतींऐवजी एकच लढत. कायदा विधिमंडळाला बदलावा लागेल, हे खरं. पण सदस्यसंख्या बदलायला कधी हात आखडले नाहीत त्यांचे. २०१२ ला दोनचा होता, २०१७ ला चारचा, मध्ये एकचा आणि तीनचाही ठरला होता.

सदरची_ताई
हे मला चालते.

महालकर
मला नाही चालत. शंभर मतदार धरा, मतं चारशे. ६५ टक्केवाल्यानं चार उभे केले, मतं सारखी वाटली, प्रत्येकाला ६५. ३५ टक्केवाल्यानं दोनच उभे केले, प्रत्येकाला ७०. दोघंही वरच्या दोन जागी. म्हणजे ३५ वाल्याला दोन अन् ६५ वाल्यालाही दोनच. हा कुठला न्याय?

सिव्हिल_लाइन्सचा_वकील
मग ६५ टक्केवाल्यानं तीनच उभे करावे. प्रत्येकाला ८६ पडतील, तिघंही येतील. चौथा उभा करायचा मोह त्यांनी आवरावा.

महालकर
नागपुरात तिकीट नाकारून दाखवा कोणाला, मग बोलू.