‘सस्पेन्शन लिफ्ट’ला मराठीत काय म्हणावं?

रानगवा
मारुती जिप्सीला दोन इंची सस्पेन्शन लिफ्ट (पाटे बदलून गाडीची उंची वाढवणारा संच) बसवण्याचं माहितीपत्रक मराठीत करतोय. संचात जास्त कमानीचे चार पाटे, आठ यू-बोल्ट, चार लांब शॉकॉबसर, शॅकल (पाट्याचं टोक चासीला झुलतं जोडणारी कडी) आणि बुश (बोल्टभोवतीची रबरी नळी) आहेत. गाडं शीर्षकातच अडलंय. ‘निलंबन’ म्हटलं की तलाठी डोळ्यापुढे येतो, ‘उचल’ म्हटलं की ऊसतोडीचा मुकादम. बॉडी लिफ्टपासूनचा फरकही कळायला हवा. सुचवा.

शब्दकळा
‘निलंबन’ रसायनशास्त्राच्या पुस्तकांत मुकाट चालतं, मग गाडीलाच का टोचतं? वापरलं की रुळतं.

घाटमाथा
वापरणार कोण? काउंटरवर ‘निलंबन संच’ मागून पाहा.
माझ्या मते ‘उंची वाढवणे’ पुरे, फक्त कशाची ते लिहा. बॉडी लिफ्टमध्ये चासी (गाडीचा खालचा सांगाडा) आणि बॉडीच्या मध्ये गुटके जातात, चासी होती तिथेच राहते. सस्पेन्शन लिफ्टमध्ये चासी ॲक्सलपासून (चाकांच्या आसापासून) वर जाते. डिफरन्शियलचा गोळा (ॲक्सलवरचा फुगवटा) मात्र दोन्हींत तसूभरही हलत नाही, तो वर जातो फक्त टायरने. 205/70 आर 15 मापाच्या टायरचा व्यास 668 मिमी, 215/75 आर 15 चा साधारण 704. फरक 36, गोळा वर जाणार त्याच्या निम्मा, म्हणजे 18 मिमी. तेव्हा दोन इंची लिफ्टने ‘गाडी जमिनीपासून दोन इंच वर’ असं लिहू नका, दगड लागायचा तिथेच लागेल. आणि हो, त्या टायरवर काटा 80 दाखवतो तेव्हा गाडी 84 ने पळत असते.

ऐरण
शीर्षकापेक्षा मोठा घोळ पत्रकाच्या आत आहे. ‘पाटा’ म्हणजे नक्की काय? गॅरेजमध्ये सुट्या पट्टीलाही पाटा म्हणतात आणि यू-बोल्टने आवळलेल्या अख्ख्या जुडग्यालाही. ‘पुढे एक पाटा वाढवा’ वाचून एकजण जुडग्यात पट्टी घालेल, दुसरा एका बाजूचा जुडगा बदलेल आणि गाडी तिरकी उभी राहील. ‘कमान’चं तेच. कुठे ती वस्तू, कुठे पट्टीचा बाक.

शब्दकळा
कमान फारसी, अर्थ धनुष्य. आपल्याकडे तिरकमठ्यातला ‘कमठा’ आहे की. पाटा संस्कृत ‘पट्ट’वरून, तो सुट्या पट्टीला ठेवा. पट्टी ती पाटा, जुडगा तो कमठा. झालं काम.

ऐरण
ट्रकवाले ‘कमानपाटा’ म्हणतात. फारसी-संस्कृतचा संसार तिथे सुखाने चाललाय, आपण कशाला मोडायचा?
अर्थाचा फरक कामातही दिसतो. पट्टी वाढवली की उंचीबरोबर ताठरपणा वाढतो, रिकामी गाडी उडायला लागते. बाक वाढवला तर ताठरपणा जवळपास तोच राहतो. पण तो बाक प्रेसवर थंडच द्यायचा. भट्टीत लाल करून ठोकला की पोलादाचं पाणी (कडकपणा) उतरतं. पुन्हा रीतसर पाणी दिलं नाही तर पाटे थोड्याच दिवसांत बसतात, म्हणजे बाक जाऊन सपाट होतात. ‘पाटे बसले’ला मात्र कुणी संस्कृत शोधू नये ही विनंती.

तिरपी शॅकल
शॉकॉबसरवर कुणीच बोललं नाही. परिभाषेतला ‘धक्काशोषक’ साफ दिशाभूल करणारा आहे. धक्का पाटा खातो, शॉकॉबसर फक्त नंतरचे हेलकावे मारतो. या नावामुळेच लोक गाडी बसली की शॉकॉबसर बदलतात आणि उंची इंचभरही वाढत नाही.
निवडताना दोन मापं घ्या. एक, ॲक्सल पूर्ण लोंबकळत असताना वरच्या-खालच्या माउंटिंगमधलं अंतर. दुसरं, स्टॉपर रबर (ॲक्सलला वर जाताना अडवणारा) टेकलेला असताना. पूर्ण उघडलेला शॉकॉबसर पहिल्यापेक्षा थोडा लांब हवा, पूर्ण मिटलेला दुसऱ्यापेक्षा आखूड हवा. नाहीतर रबराआधी तोच ठोकला जातो आणि माउंटिंग फाटतं. लोंबकळत्या ॲक्सलवरच ब्रेकचा होज ताणला जातो का तेही बघा.

घाटमाथा
‘लांब शॅकल’ समोर मापही लिहा. दोन छिद्रांतलं अंतर इंचभर वाढवलं तर उंची साधारण अर्धाच इंच मिळते. शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असेल तर ॲक्सल पुढे कलतो, कॅस्टर (चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागचा कल) कमी होतो आणि स्टिअरिंग सरळ रस्त्यावर भटकायला लागतं. त्यावर पाट्याच्या बैठकीवर दोनतीन अंशांची पाचर घालतात. पण पाचरीने कॅस्टर सुधारतो तेव्हा प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनची ताकद ॲक्सलपर्यंत नेणाऱ्या दांड्याचा) कोन बिघडतो. म्हणून शॅकलने फार उंची मिळवायच्या भानगडीत पडू नये.

शब्दकळा
पाचर म्हणजे फटीत ठोकायची वस्तू. इथे ती ठोकत नाहीत, आवळतात. ‘उतरती पट्टी’ म्हणा.

ऐरण
नको, सुतारालाही कळतं ते पाचरच. ‘गुटका’ मात्र जपून वापरा. मागच्या ॲक्सलवर पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये गुटका चालवून घेतात, पुढे अजिबात नाही. ब्रेक मारला की पुढचा ॲक्सल गुटक्यावर पिळतो, आणि स्टिअरिंगही त्याच ॲक्सलवर आहे. ॲक्सलखालचा पाटा वर घेणं हे तर वेगळंच काम. जिप्सीत त्याने पाचेक इंच मिळतात, पण नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात, स्टिअरिंगचा दांडा बदलावा लागतो, जोर लावला की पाटा एस आकारात पिळतो. तेही ‘लिफ्ट’च म्हणवतं.

रानगवा
म्हणजे शीर्षक ‘चासी उंचावणे’?

तिरपी शॅकल
‘उंचावणे’ला अपेक्षा, मान, जीवनमान लागतात, चासी नाही. पत्रकाच्या तळाशी मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 ची ओळ टाका. कंपनीच्या मूळ रचनेत बदल केला तर फिटनेसला विचारतात.

शब्दकळा
‘फिटनेस’ला ‘योग्यता प्रमाणपत्र’ हा शब्द आहे.

घाटमाथा
आहे, आणि आरटीओच्या दारातला एजंट ‘पासिंग’ म्हणतो.
रानगवा, ‘बोल्ट घट्ट करा’ एवढ्याने भागणार नाही. जुने यू-बोल्ट परत वापरायचे नाहीत, ते ताणलेले असतात. नवे आळीपाळीने कोपऱ्या-कोपऱ्याने आवळायचे आणि शंभरेक किमीनंतर पुन्हा. बुशचे बोल्ट मात्र गाडी जॅकवरून उतरवून, चाकांवर वजन आल्यावरच. लोंबकळत आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेत पकडलं जातं आणि फाटतं. ‘आवळा’ आणि ‘हातानेच लावून ठेवा’ ही दोन कामं पत्रकात निराळ्या शब्दांत यायला हवीत.

ऐरण
दुसऱ्याला ‘टेकवून ठेवा’. ‘लावा’ म्हटलं की पोरगं पान्याने पूर्ण आवळून मोकळं होतं.

शब्दकळा
‘पाना’ पोर्तुगीज की देशी?