परसातल्या गरम पाण्याच्या टबाला लाइन कशी द्यावी?

रामबागची लेक: नमस्कार मंडळी. इंदूरला रामबागेत आमचं जुनं घर आहे. बाबांच्या गुडघ्यांसाठी परसात गरम पाण्याचा टब बसवतोय. प्लेटवर हीटर ३ किलोवॅट, पंप १ एचपी, २३० व्होल्ट असं लिहिलंय. मेन बोर्डापासून अंतर साधारण ६० फूट. वायरमन म्हणतो, स्वयंपाकघरातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटमधून वायर काढू, खिडकीतून बाहेर नेऊन भिंतीला क्लिपा मारू, एमसीबी (जादा करंट आला की आपोआप पडणारा स्विच) आहेच. मला हे पटत नाही. त्या पाण्यात बाबा बसणार आहेत. कुणी असं काम करून घेतलंय का?

माळव्यातला: सॉकेटमधून मुळीच नको. हीटरचे १३ अँपिअर, वर पंपाचे पाच-सहा. तासभर चाललं की प्लग वितळायला लागेल. डीबीतून, म्हणजे मेन बोर्डातून, स्वतंत्र लाइन घ्या, २५ अँपिअरचा एमसीबी आणि ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल. घराचा मंजूर लोड (वीज कंपनीने किती वीज मंजूर केली आहे ते) आधी बघून घ्या.

गिरणीवाले काका: ताई, तुमची शंका अगदी रास्त आहे. मी बावीस वर्षं गिरणीत इलेक्ट्रिकल खात्यात काढली. एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला नाही. तो पडायला २५ अँपिअरच्या वर करंट लागतो, आणि ओल्या माणसाचा जीव जायला एका अँपिअरचा दहावा हिस्साही पुरतो. म्हणून टबाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा वेगळा आरसीसीबी हवाच. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पुरता परत आला नाही की तो क्षणात लाइन तोडतो.

आता अर्थिंग. माझ्याच घरी आई म्हणायची, नळाला हात लावला की मुंग्या येतात. आठ दिवस मी ते मनावर घेतलं नाही, त्याचं वाईट आजही वाटतं. गीझरचं एलिमेंट फुटलं होतं. अर्थची तार जुन्या लोखंडी पाइपाला गुंडाळलेली, आणि प्लंबरने कधीतरी त्याच पाइपात प्लास्टिकचा तुकडा घातलेला. तार हिरवी पडली होती, चिमटीत धरली तर मोडली. तुमच्याकडच्या जुन्या घरांत ही पाइपाची अर्थिंग मी कितीदा पाहिली आहे. तुमची कुठे जाते ते आधी शोधा.

अर्थिंगसाठी नवा खड्डा घ्या आणि तो मेन बोर्डाच्या अर्थला जोडा. आपली काळी माती वैशाखात अशी भेगाळते की बोटं आत जातात, मग इलेक्ट्रोडला (खड्ड्यात पुरलेल्या अर्थच्या नळीला किंवा पट्टीला) माती धरत नाही. उन्हाळाभर खड्ड्यात पाणी घालायचं. अर्थ टेस्टरने मोजणी मे महिन्यात करून घ्या. पावसाळ्यात आकडा चांगलाच येतो, त्यावर भरवसा नको.

केबल आर्मर्ड, म्हणजे धातूचं कवच असलेली, घ्या. अडीच फूट खोल चर, खाली-वर वाळू, त्यावर विटांची ओळ, म्हणजे उद्या माळ्याची कुदळ आधी विटेवर आपटेल. डबल पोल आयसोलेटर (फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा स्विच) टबातून दिसेल, पण टबात बसून हात पोचणार नाही असा, दोन मीटरच्या पलीकडे. साधा सॉकेट साडेतीन मीटरच्या आत नको. शिडी आणि कठडा धातूचे असतील तर तेही अर्थला जोडून घ्या.

रामबागची लेक: काका, आज बोर्ड उघडून बघितला. अर्थची वायर खरंच नळाच्या पाइपाकडे गेली आहे. अंगावर काटा आला. दुसऱ्या वायरमनला बोलावलंय. तो म्हणतो, आरसीसीबी सारखा पडतो, लोक कंटाळून काढून टाकतात.

गिरणीवाले काका: सारखा पडत असेल तर एक तर कुठेतरी करंटचं लीकेज आहे, नाही तर त्याचा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलमध्ये मिसळलाय. टबाचा न्यूट्रल आरसीसीबीपासून टबापर्यंत एकटाच न्यायला सांगा. बायपास करू देऊ नका. टब भरा, हीटर-पंप दोन्ही चालू करा आणि आरसीसीबीवरचं टेस्टचं बटन दाबा. लाइन लगेच गेली तरच बाबांना पाण्यात उतरवा. पुढे दर महिन्याला ते बटन दाबत जा.