३० अँपच्या हुकअपवर (कॅम्पग्राउंडची वीजजोडणी) दुपारी व्होल्टेज पडतं – मदत हवी आहे

लेक मिशिगनकाठच्या कॅम्पग्राउंडवर २६ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) लावला आहे. आम्ही चौघं, त्यात दोन लहान मुलं. अजून ५ रात्री मुक्काम.

सकाळी व्होल्टेज ११८ (इथलं नेहमीचं १२०). दुपारी २ नंतर सगळ्यांचे एसी सुरू झाले की १०८ वर येतं. आमचा १३,५०० बीटीयूचा एसी लावला की १०३, आणि सर्ज प्रोटेक्टर वीज तोडतो. तो १०४ ला तोडतो ते योग्यच आहे, कंप्रेसर जळण्यापेक्षा उकाडा परवडला. त्यामुळे 'बायपास करा' कृपया सुचवू नका.

ब्रेकर एकदाही पडलेला नाही, म्हणजे लोड आमचा जास्त नाही. फ्रिज आणि वॉटर हीटर आधीच प्रोपेनवर, मायक्रोवेव्ह आणि इन्स्टंट पॉट एसी बंद असतानाच. एक्स्टेंशन काढून फक्त ट्रेलरची केबल ठेवली. प्लगच्या पिना स्वच्छ आहेत, काळवंडलेल्या नाहीत, गरमही होत नाहीत. शेजाऱ्यांच्या पेडेस्टलवरही (साइटवरचा वीजजोडणीचा खांब) हेच आकडे. दुसरी साइट मोकळी नाही, आणि जनरेटरला इथे बंदी. एसी सुरू होतानाचा झटका कमी करणाऱ्या सॉफ्ट स्टार्टरचा उपयोग दिसत नाही, कारण प्रश्न सुरू होतानाच्या झटक्याचा नाही, व्होल्टेज नंतरही खालीच राहतं.

पेडेस्टलवर ५० अँपचं सॉकेट रिकामं आहे. ५०-ते-३० डॉगबोन अडॅप्टर (५०च्या सॉकेटला ३०चा प्लग जोडणारी छोटी केबल) लावला तर त्या सॉकेटच्या दोन लेगपैकी (१२० व्होल्टच्या वेगळ्या तारा) एकच मिळणार. तो लेग कमी लोडचा निघाला तर २-४ व्होल्ट तरी वाढतात का, असा कुणाला प्रत्यक्ष अनुभव आहे? की थेट व्होल्टेज वाढवून देणारा ऑटोट्रान्सफॉर्मरच घ्यावा?