वय वाढले की घरातला राग निवतो का?

खानापूरकर: पूर्वी जेवणाचे ताट सरकवून उठणारे माझे सत्तरीतले वडील आता आईवर चिडले, तर मुकाट्याने शेताकडे निघून जातात. मी मात्र चाळिशीतही पत्नीशी तावातावाने भांडतो. हा वयाचा परिणाम म्हणावा, की वळणाचा?

निपाणीकर: वयाचा वाटा आहेच. मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टन्सन यांच्या मांडणीनुसार, उरलेला काळ थोडा आहे ही जाणीव झाली, की माणूस जवळच्या नात्यांतील समाधानाला अधिक महत्त्व देऊ लागतो.

बेळगावची सून: एवढ्याने भागत नाही. मानसशास्त्रज्ञ शिनोबू कितायामा व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, राग अधिक व्यक्त करणाऱ्या अमेरिकनांत प्रकृतीचा धोका जास्त, तर तसे करणाऱ्या जपान्यांत तो कमी आढळला. तिथे राग दाखवणे हे बहुधा अधिकाराच्या जागी असल्याचे लक्षण असते, असा त्यांचा तर्क आहे. माझ्या कन्नड माहेरी ‘सिट्टु’ म्हणजे राग बोलून संपतो, सासरी अबोला चालतो (दोन्ही घरे एकाच गल्लीत आहेत!). आपल्या आईंना ताट सरकवण्याची मुभा कधी होती का?

खानापूरकर: नव्हती. मात्र हल्ली वडील शेताकडे निघाले, की तीच मागून मोठ्याने बोलत असते. हे आज प्रथमच ध्यानात आले.