पुढच्या चाकांची थरथर, नकलमधून काळं तेल आणि वळताना कटकट: आधी काय उघडू?

जुना_पिकअप

मंडळी, गाडी जुना डिझेल पिकअप, पार्ट-टाइम फोर-व्हील (पुढची चाकं गरजेपुरतीच जोडायची). पुढे सॉलिड अ‍ॅक्सल, लीफ स्प्रिंग, बंद गोळ्याचं नकल (अ‍ॅक्सलच्या टोकाच्या गोळ्याभोवती वळणारा, चाक धरणारा भाग), हाताने फिरवायचे लॉकिंग हब (चाक शाफ्टला जोडणारे), डिस्क ब्रेक. तक्रारी तीन.

ताशी ६०-६५ ला एखादं चाक खड्ड्यात आपटलं की स्टीअरिंग जोरात थरथरायला लागतं आणि वेग ४० च्या खाली आणल्याशिवाय थांबत नाही. डाव्या नकलच्या मागे, वायपर सीलपाशी (गोळा पुसणारं बाहेरचं सील), काळं पातळ तेल साचतं आणि रिमच्या आतल्या बाजूला उडतं. शिवाय मातीत हब लॉक करून फोर-हायमध्ये (फोर-व्हीलचा वेगवान गिअर) पूर्ण वळण घेतलं की डावीकडून कट-कट येते, सरळ चालताना नाही.

स्टीअरिंग डँपर (स्टीअरिंगचे धक्के शोषणारा शॉक) बदला, थरथर जाईल, असा सल्ला मिळालाय. काम घरीच करायचं आहे. जॅक, दोन घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड), सॉकेट सेट, टॉर्क रेंच आहे, प्रेस नाही. सुरुवात कुठून करू, आणि कोणते भाग आधीच आणून ठेवू?

बारा_सहा

डँपर आत्ता नको. तो थरथर दाबतो, ढिलाई तशीच राहते, आणि ढिल्या जागा आतल्या आत आणखी झिजत जातात. डँपर अगदीच गेला असेल तर बदला, पण सगळ्यात शेवटी.

आधी गाडी जमिनीवर उभी, इंजिन बंद. एकाने स्टीअरिंग थोडंसंच डावी-उजवीकडे हलवत राहायचं. तुम्ही खाली वाकून प्रत्येक जोडावर हात ठेवा: ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंकची दोन्ही टोकं, टाय रॉडची दोन्ही टोकं, स्टीअरिंग बॉक्सचे बोल्ट. डोळ्याला दिसत नाही तो प्ले बोटाला कळतो. एक टोक हललं की दुसरं त्याच क्षणी हललं पाहिजे.

मग मागच्या चाकांना दोन्हीकडून पाचर लावा, पुढचा अ‍ॅक्सल उचला, घोड्या अ‍ॅक्सलच्या नळीखाली. चाक घड्याळातल्या १२ आणि ६ वर धरून हलवा. प्ले लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर हबचं बेअरिंग ढिलं आहे. तसाच राहिला तर किंगपिन बेअरिंग (नकल ज्यांवर वळतं ती वरची-खालची बेअरिंग). कारण साधं आहे: कॅलिपर नकलवर बसलेला असतो, ब्रेक लागला की हब आणि नकल एक होतात, त्यामुळे उरलेला प्ले नकल आणि गोळ्याच्या मधलाच. ९ आणि ३ वर लागणारा प्ले बहुतेक वेळा टाय रॉडच्या टोकांचा.

तेलाचं म्हणाल तर अ‍ॅक्सलच्या नळीच्या टोकाशी असलेलं आतलं ऑइल सील गेलं की डिफरन्शिअलचं (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा डबा) तेल नकलमध्ये शिरतं, तिथलं ग्रीस पातळ करतं आणि ती खीर वायपर सीलमधून बाहेर येते. नुसतं बाहेरचं वायपर सील बदलून हे थांबत नाही. सील मागवण्याआधी अ‍ॅक्सलचा ब्रीदर (हवा बाहेर जायची वाट) काढून फुंकून बघा. तो चिखलाने बुजला असेल तर गरम झालेली हवा सीलमधूनच वाट काढते, आणि नवं सीलही तसंच जाईल.

टो_इन

वरच्या तपासणीत एक भर. काहीही उघडण्याआधी पुढची दोन चाकं मागे आणि मागची पुढे घाला. थरथरीचा वेग किंवा जोर बदलला तर टायर किंवा बॅलन्सिंगचाही हात आहे. शॅकलचे आणि स्प्रिंगचे बुश पहारीने हलवून बघा, यू-बोल्ट घट्ट आहेत ना तेही. हे न बघता लोक थेट नकल उघडतात, दोन दिवस घालवतात, आणि थरथर उरतेच.

आणि फोर-व्हीलची कटकट कोरड्या डांबरावर तपासू नका. पार्ट-टाइम गाडीत पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये डिफरन्शिअल नसतं. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, सगळी यंत्रणा पिळली जाते आणि आवाज भलतेच येतात. तुम्ही मातीत तपासलंत ते बरोबर.

जुना_पिकअप

तपासलं. चाकं बदलून काहीच फरक नाही. बुश ठीक. टाय रॉडच्या डाव्या टोकात किंचित प्ले. डावं चाक १२-६ वर हलतं, ब्रेक दाबूनही हलतं. उजवीकडे ब्रेक दाबला की प्ले जातो. ब्रीदर चिखलाने पक्का बसलेला निघाला. डिफरन्शिअलच्या तेलाची पातळी भोकाच्या एक बोट खाली. अजून एक जाणवलं: चाकं हवेत असताना स्टीअरिंग हळू फिरवलं तर बरोबर मध्यावर हलका खाचेत बसल्यासारखा अडथळा लागतो.

बारा_सहा

तो मधला अडथळा म्हणजे उत्तरच आहे. किंगपिन बेअरिंग पूर्ण फिरत नाही, आयुष्यभर थोड्याशा कोनातच हलतं, त्यातही बहुतेक वेळ सरळ जागेवर. प्रत्येक खड्ड्याचा मार रोलर त्याच जागी कपच्या (बेअरिंगच्या बाहेरच्या कड्याच्या) पृष्ठभागावर देतात आणि तिथे बारीक खाचा पडतात. बेअरिंग खाचेत घट्ट, तिथून सरकलं की ढिलं. पूर्वताण (बेअरिंगवर आधीच ठेवलेला दाब) गेलेलं नकल धक्का बसताच डोलायला लागतं. उजवीकडचं हबचं बेअरिंग फक्त घट्ट करून घ्यायचं आहे असं दिसतं, पण ते पुढे.

भाग: एका बाजूची वरची-खालची किंगपिन बेअरिंग कपांसह, आतलं ऑइल सील, वायपर सीलचा पूर्ण संच, हबचं सील, स्पिंडल (हब ज्यावर फिरतो ती नळी) आणि हबच्या पॅकिंग, हब नटमधला वाकवायचा लॉक वॉशर, शाफ्टच्या सर्क्लिपा, टाय रॉडचं टोक, स्प्लिट पिना. मोलिब्डेनमवालं ग्रीस दोन किलो. हब नटाचा सॉकेट नक्की घ्या. छिन्नीने ठोकून काढलेला नट पुढच्या वेळी नीट बसत नाही आणि बेअरिंगची सेटिंग कायमची अंदाजावर जाते.

उघडताना डावी बाजू उजवीपेक्षा उंच ठेवा, म्हणजे शाफ्ट काढल्यावर तेल बाहेर सांडणार नाही. कॅलिपर तारेने स्प्रिंगला बांधा, होजवर लटकवू नका. हब कव्हर आणि स्टीअरिंग आर्मच्या स्टडवर शंकूच्या आकाराचे फुटके वॉशर असतात, ते ओढून येत नाहीत. नट स्टडच्या टोकाशी समपातळीत ठेवा आणि आर्मला बाजूने पितळी हातोडीने ठोका, वॉशर उडी मारून सुटतात. नट पूर्ण काढून उघड्या स्टडवर मारलं की आटे गेले.

मग स्पिंडल, मग शाफ्ट. पुष्कळ गाड्यांत सीव्ही जॉइंटच्या (वळतानाही चाकाला ताकद देणारा शाफ्टचा जोड) वाटीला दोन सपाट बाजू असतात. त्या वर-खाली आल्याशिवाय वाटी गोळ्यातून निघत नाही. अडली तर जोर करू नका, फिरवा.

किंगपिनच्या टोप्या काढताना वरच्या आणि खालच्या शिम (पातळ चकत्या) वेगवेगळ्या बांधून लेबल लावा. हे विसरलात तर नकल गोळ्याच्या मध्यावर राहत नाही, शाफ्ट तिरका बसतो, नवं आतलं सील एका कडेने दाबलं जातं आणि काही दिवसांत तीच खीर पुन्हा बाहेर.

सर्क्लिप

कटकटीबद्दल मी लिहितो. जॉइंट डिझेलमध्ये धुवून पूर्ण वाकवा आणि वाटीतल्या खाचा, गोळ्या, जाळी उजेडात बघा. जाळीला तडा किंवा खाचेत खड्डे असतील तर जॉइंट फेकायचा, दुसरा विचारच नाही. नुसती एका बाजूची गुळगुळीत झीज असेल आणि दोन्हीकडची वाटी सारखी असेल तर डावी-उजवी अदलाबदल चालते. पुढे जाताना गोळ्या खाचेच्या एकाच बाजूला रेटतात. बाजू बदलली की न झिजलेली बाजू भार घेते. शाफ्टच्या लांब्या मात्र वेगळ्या असतात, बदलायच्या त्या फक्त वाट्या. प्रेस लागत नाही: शाफ्ट उभा धरून वाटीतल्या ताऱ्याच्या आकाराच्या आतल्या भागावर पितळी पंच ठेवून ठोका, सर्क्लिप दबते आणि वाटी सुटते. बसवताना सर्क्लिप नवी.

शाफ्टवर ऑइल सील जिथे घासतं तिथे नख फिरवा. नख अडकण्याइतकी खाच असेल तर नवं सील दोन-तीन मिलिमीटर कमी आत बसवता येतं का बघा, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येईल. जागा नसेल तर शाफ्टवर बारीक स्लीव्ह चढवावी लागते. शाफ्ट परत घालताना त्याचं वजन सीलवर टेकू देऊ नका. स्प्लाइनची (शाफ्टच्या दात्यांची) धार ओठ कापते आणि ते कळतं सगळं जोडून झाल्यावर. हाताने मध्यावर धरा, आत नेऊन किंचित फिरवा, स्प्लाइन डिफरन्शिअलमध्ये आपोआप बसते.

बारा_सहा

जोडण्याचा कळीचा भाग. नवे कप पितळी पंचाने चारी बाजूंनी थोडं थोडं ठोकून बसवा. तळाला टेकले की ठोक्याचा आवाज बदलतो. मग नकल बसवा, पण वायपर सील, शाफ्ट आणि टाय रॉड न लावता. आर्मच्या टाय रॉडच्या भोकात स्प्रिंग काटा (ओढ मोजायचा वजनकाटा) अडकवून काटकोनात ओढा आणि नकल हलायला लागतं तो आकडा वाचा. गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच खरा, अशा नकलमध्ये तो बहुधा ३ ते ६ किलोच्या घरात असतो. कमी भरला तर शिम काढा, जास्त भरला तर घाला, आणि फरक वर-खाली निम्मा निम्मा वाटा. तुमच्या थरथरीचा इलाज हाच. बेअरिंग नवं घालून हा काटा न लावणारे पुन्हा डँपरच्या मागे लागतात.

नकल तीन-चतुर्थांश ग्रीसने भरा, काठोकाठ नाही. जुनं ग्रीस पूर्ण धुवून काढा, दोन जातींचं मिसळलं की पातळ होऊ शकतं.

हबचं बेअरिंग: चाक फिरवत आतला नट सुमारे ६० न्यूटन-मीटरला कसा, म्हणजे कप आणि रोलर नीट बसतात. मग सोडा, पुन्हा हलका कसा, स्टडला काटा लावून मॅन्युअलचा आकडा आणा. लॉक नट कसल्यावर परत मोजा, आट्यांतली ढिलाई निघून ताण बदलतो. वॉशरची एक पाकळी आतल्या नटावर, एक बाहेरच्या नटावर वाकवा. उजव्या बाजूला फक्त एवढंच करायचं आहे, पण हब उघडलाच आहे तर सील बदलून घ्या.

तेलाने भिजलेले ब्रेक पॅड धुवून वापरू नका, जोडीने बदला.

टो_इन

टाय रॉडचं टोक बदललं की टो-इन (चाकं पुढून किंचित आत वळलेली असणं) गेलाच. जुनं टोक किती आट्यांवर होतं ते मोजून ठेवा. जोडल्यावर गाडी जमिनीवर, चाकं सरळ, टायरवर खडूने रेघ, हबच्या उंचीला पुढून आणि मागून अंतर मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा १ ते ३ मिलिमीटर कमी हवं. क्लँप घट्ट करायला विसरू नका.

डिफरन्शिअलमध्ये ८०डब्ल्यू-९०, जीएल-५, भोकाच्या कडेपर्यंत. ड्रेनचा प्लग काढण्याआधी भरण्याचा प्लग सुटतो का ते बघा.

जुना_पिकअप

शेवटचा प्रश्न: उजवं नकल आत्ताच उघडू का?

बारा_सहा

तिथे तेल येत नसेल आणि ब्रेक दाबल्यावर प्ले उरत नसेल तर नको. डावं पूर्ण झाल्यावर काटा लावायची सवय झाली की मग करा. ३०० ते ५०० किलोमीटर चालवल्यावर स्टीअरिंग आर्मचे नट मात्र दोन्हीकडचे टॉर्क रेंचने परत तपासा. शंकूचे वॉशर बसत गेले की ते हमखास ढिले होतात.