मदत हवी आहे : एनबीएच्या दुसऱ्या फेरीत निवडलेल्यांचं पुढे काय होतं?

मंडळी, एका गोष्टीत अडकलोय. एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये दरवर्षी ड्राफ्ट होतो, म्हणजे संघ दोन फेऱ्यांत पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. निकोला योकिच २०१४ मध्ये ४१ वा निवडला गेला. त्याचं नाव पुकारलं तेव्हा टीव्हीवर जाहिरात चालू होती आणि तो स्वतः सर्बियात घरी झोपला होता! मनू जिनोबिली १९९९ मध्ये ५७ वा, आयझाया थॉमस २०११ मध्ये अगदी शेवटचा, ६० वा. दुसऱ्या फेरीतून येऊन मोठे झालेल्यांची ही नावं सगळ्यांनाच पाठ असतात.

पण मला राहून राहून आठवतो तो आपला सतनाम सिंग. पंजाबातल्या छोट्याशा गावचा, सात फुटांहून उंच. २०१५ मध्ये डॅलसच्या संघाने त्याला ५२ वा निवडला तेव्हा ऊर भरून आला होता. एनबीएचा एकही सामना मात्र त्याच्या वाट्याला आला नाही. फार चुटपूट लागते.

पहिल्या फेरीतल्या खेळाडूला किमान दोन वर्षांच्या पगाराची हमी असते, दुसऱ्या फेरीत तसं बंधन नाही, एवढं मला कळतं. २०१७ पासून टू-वे करार आले, म्हणजे थोडं जी लीगमध्ये (एनबीएच्याच दुय्यम लीगमध्ये), थोडं मुख्य संघात. त्याने या मुलांचं खरंच भलं झालं का?

दुसरं म्हणजे, ५५ वा निवडला जाण्यापेक्षा न निवडलं जाणं बरं, असं म्हणतात. निदान संघ तरी स्वतः निवडता येतो. तुम्हाला पटतं का? चार-पाच वर्षं टिकलेल्या, फारशा गाजलेल्या नसलेल्या खेळाडूंची उदाहरणं माहीत असतील तर जरूर सांगा.